आत्याचा खालचा ओठ

"तीन सेंटिमीटर!" मी गॅरेजभर नाचले. आत्याने वरून सोडलेली पट्टी तेवढीच खाली घसरली, तोच मी ती चिमटीत पकडली होती. "उद्या गो-कार्टच्या शर्यतीत माझ्या आधी कोण निघतंय तेच बघते!"

"लई उडू नकोस. मागच्या वेळी लाल दिवे विझायच्या आधीच निघालीस आणि दहा सेकंदांची शिक्षा खाल्लीस." आत्याने पट्टी आईच्या हातात दिली. "वहिनी, तुम्ही सोडा बघू."

आईने सोडली. पट्टी थेट जमिनीवर. परत सोडली, परत जमिनीवर. माझे पाय एका जागी ठरेनात. हात तोच, पट्टी तीच, मग झालं काय?

"तू पट्टी बघतच नाहीस," आत्या म्हणाली. "सोडायच्या आधी मी खालचा ओठ चावते, तो बघतेस. मागच्या शर्यतीतसुद्धा दिवे सोडून ट्रॅकच्या जाळीमागं उभ्या असलेल्या माझ्याकडंच बघत होतीस. मी ओठ चावला आणि तू सुटलीस!"

दुसऱ्या दिवशी पाच लाल दिवे एकेक करून लागले. इंजिनाच्या थरथरीने माझे दात वाजत होते. सवयीने नजर जाळीकडे गेलीच. माझी शर्यत बघायला गॅरेज बंद ठेवून आलेली आत्या चक्क माझ्याकडे पाठ करून उभी होती.

मग बघायला फक्त दिवे उरले. ते विझले आणि मी सुटले. पहिल्या वळणावर माझ्यापुढे कुणीच नव्हतं. वळता वळता दिसलं, आत्या अजूनही पाठमोरीच होती.