बशीतलं टेकाड

"परत टेकाड!" संपदा मायक्रोस्कोपवरून उठलीच. पेशींचा थर कसा सपाट हवा होता, आणि जंतू सोडले तिथेच पुन्हा ढीग! सरांनी तर बजावलंच होतं, "तुझा हात जड आहे. आता थर बिघडला तर प्रयोग बंद."

पेशींची काचेची बशी उचलून ती फेकायलाच निघाली. शेजारच्या टेबलावरच्या जुनैदने तिला अडवलं. "अगं, मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याने काय टिपलंय ते तरी बघू!"

स्क्रीनवर जंतू लाल चमकत होते. ते ज्या पेशीत शिरले ती पेशी मऊ पडली, आणि आजूबाजूच्या धडधाकट पेशी चहूबाजूंनी तिच्यावर चालून आल्या!

"अरे, ढकलतायत तिला!" संपदा किंचाळली. "ढीग मी नाही केला, ह्यांनी केलाय! आजारी पेशीला हाकलतायत!"

"घेरा, घेरा! सोडू नका!" जुनैद टेबल बडवायला लागला. कबड्डीचा सामना असल्यासारखी अख्खी लॅब गोळा झाली. आजारी पेशी दबली, वर उचलली गेली, थरातून निसटली...

"आऊट!" मागून कुणीतरी असं ओरडलं की सगळे दचकून वळले.

सर होते. दोन्ही हात वर.

"ती बशी ठेव आधी खाली," ते म्हणाले, "आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून लाव परत!"