जागा सांगायची नाही

पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपची ती ॲडमिन होती आणि तिच्या नियमांना भलेभले टरकून असत. पक्ष्याची जागा जाहीर सांगायची नाही. रेकॉर्ड केलेला आवाज उघड्यावर वाजवायचा नाही. पक्षी फसतो आणि उत्तर देत जवळ येतो.

थंडीतल्या एका दुपारी कुणा नव्या सदस्याने ग्रुपवर एक रेकॉर्ड केलेला आवाज टाकला. 'हिवाळी पाहुणा. नकला करतो. ओळखा पाहू.'

चहा उकळेपर्यंत ऐकू म्हणून तिने तो ओट्यापाशीच लावला. आधी फाटकाची कुरकुर आली, थेट तिच्या घराच्या फाटकासारखी. मग तिचाच आवाज आला, रोजच्या लाडिक वैतागातला. "अहो, उठा आता, चहा निवतोय."

जरा वेळाने पुन्हा तोच आवाज, पण कापरा. "अहो, उठा ना. असं काय करता, उठा ना."

असं ती आजवर कधीच म्हणाली नव्हती.

तिने घाईघाईने लिहिलं, 'हे कुठे रेकॉर्ड केलंत?'

'जागा सांगायची नाही ना ताई? तुमचाच नियम.'

ओट्यासमोरची खिडकी सताड उघडी होती, हे तिला तेव्हा दिसलं.

कप घेऊन ती आतल्या खोलीत गेली. नवरा हॉस्पिटलातून नुकताच घरी आला होता. आरामखुर्चीत त्याची मान एका बाजूला कलली होती.

"अहो, उठा आता, चहा निवतोय."

तो हलला नाही. पुढचे शब्द तिच्या ओठांवर आले, आणि तिने तोंडावर हात गच्च दाबून धरला.

खोलीच्या खिडकीबाहेरच्या फांदीवरून ते शब्द कुणीतरी तिच्याच आवाजात हळूच म्हणालं.