गंजाची खूण

प्रोबेट कचेरीचं पत्र विल्फ्रेडने तिसऱ्यांदा उघडलं, वाचलं, घडी घातली आणि चहाच्या कपाखाली दडपून ठेवलं. मग कप उचलून ते पुन्हा बाहेर काढलं.

"मजकूर काही बदलणार नाही त्यातला," एनिड म्हणाली. "कपाचा डाग मात्र पडला. आता त्याचाही खुलासा मागतील हं."

एनिड त्याच्या बहिणीची, मुरिएलची, मैत्रीण. ती आणि मुरिएल या घरात एकतीस वर्षं एकत्र राहिल्या होत्या. मुरिएल फेब्रुवारीत गेली. तिचं मृत्युपत्र दोन पानांचं : घर भावाला, शिवणयंत्र आणि मांजर एनिडला, आणि सगळं मार्गी लावण्याचं काम भावाकडे. प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र मंजूर झाल्याचा, शिक्का मिळाल्याशिवाय घर विल्फ्रेडच्या नावावर होणार नव्हतं, आणि शिक्का अडला होता एका खुणेपाशी.

पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात क्लिपचा गंज उमटला आहे, असं कचेरीने लिहिलं होतं. तिथे काय जोडलेलं होतं? मृत्युपत्राचाच एखादा भाग तर नव्हता? शपथेवर सांगावं.

शपथ तीन वाजता, गावातल्या वकिलाकडे, हातात बायबल धरून. बस वीस मिनिटांनी होती. शपथपत्र टेबलावर तयार पडलं होतं. त्यातली एकच ओळ रिकामी होती.

"अहो, मुरिएल कशालाही क्लिप लावायची," एनिड म्हणाली. "युद्धाच्या वेळच्या क्लिपा अजून डबा भरून आहेत, सगळ्या गंजलेल्या. लाँड्रीची पावती असेल. नाहीतर कोळशाचं बिल. लिहा आणि मोकळे व्हा."

विल्फ्रेड उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. बसला नाही. लाँड्रीची पावती. दोन शब्द. कोण तपासायला येणार होतं?

चिठ्ठी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मृत्युपत्र कचेरीला धाडायच्या दिवशी त्यानेच ती क्लिप काढून वेगळी केली होती. मृत्युपत्राला लावलेलं काही काढायचं नसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. चिठ्ठीवर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. कायद्याच्या लेखी तो नुसता चिठोरा. हे मात्र त्याने त्याच संध्याकाळी वाचनालयात बसून नीट वाचून घेतलं होतं.

"इकडून तिकडे फेऱ्या काय घालताय?" एनिड म्हणाली. "फरशी झिजेल. तुमचीच आहे आता ती."

तिने ते हसत म्हटलं. विल्फ्रेडला हसता आलं नाही. तो उगीचच स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात गेला. तिथे त्याच्या पुस्तकांची दोन खोकी होती. मासळीच्या दुकानावरच्या त्याच्या खोल्यांना ओल होती, बेचाळीस पायऱ्या होत्या, आणि त्याचे गुडघे आता पायऱ्या मोजू लागले होते. 'तात्पुरती ठेवतो' म्हणून त्याने एप्रिलमध्येच खोकी आणली होती. एनिडने त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून जुना टेबलक्लॉथ घातला होता.

खोक्यांशेजारी, जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, तिची तपकिरी बॅग होती. पट्टे आवळलेले.

"भाचीचं पत्र आलं का?" त्याने तिथूनच विचारलं.

"आलं ना. मागची छोटी खोली देते म्हणाली. समुद्र दिसतो म्हणे, खुर्चीवर उभं राहिलं तर." कप विसळल्याचा आवाज आला. "मांजर नको म्हणाली. ते शेजारी राहील. ते असू द्या हो, तुमची बस चुकेल."

त्याने खिशात हात घातला. चिठ्ठी उघडायची गरज नव्हती. त्याला ती पाठ होती. 'विल्फ्रेड, घर तुझं. पण एनिड आहे तोवर तिला तिथून हलवू नकोस. हे तिला सांगू नकोस, ती नको म्हणेल.'

पाच महिने त्याने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पाळलं होतं.

तो स्वयंपाकघरात आला, खुर्ची ओढून बसला आणि रिकाम्या ओळीवर लिहू लागला. अक्षर शाळकरी आलं. एनिड पाठमोरी होती. लिहून झाल्यावर त्याने खिशातली चिठ्ठी, निळ्या कागदाची ती घडी, शपथपत्राच्या वर ठेवली.

"एनिडबाई," तो म्हणाला, "बोळातली ती बॅग उचला बरं. जाता-येता पाय अडकतो माझा."

"आत्ता? कुठे ठेवू?"

"वर. तुमच्या खोलीत."

एनिड वळली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या निळ्या कागदाकडे. तसले निळे कागद मुरिएल गठ्ठ्याने विकत आणायची, आणि घरात ते फक्त तीच वापरायची. एनिडने हात पुसले. बराच वेळ पुसले. कागदाला मात्र हात लावला नाही.

"हे दोन्ही एकत्र राहायला हवेत," विल्फ्रेड खाली बघत म्हणाला. "वाटेत वाऱ्याने उडायला नको. क्लिप आहे का एखादी? गंजलेली नको."

ती डब्याकडे गेली नाही. तिने हात वर नेला आणि कानामागची पिन ओढून काढली. पांढऱ्या केसांची एक बट गालावर उतरली. तिने दोन्ही कागदांचे कोपरे जुळवले आणि पिन सरकवली.

"कचेरीतून परत मिळाली की घेऊन या बरं," ती म्हणाली. "जोडीतली आहे."