जिवंत खाडीचं कालवण

खाडी मेली असं कुणी म्हटलं, की केसरीनाथ त्याला थेट घरी जेवायलाच बोलवायचा. त्या दिवशी पाणी तपासायला आलेली सुचेता त्याच्या तावडीत सापडली.

"काका, गटारांचा मैला आणि शेतांतलं खत नदीतून खाडीत येतंय. त्यावर शेवाळ माजतं, कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. मासे गुदमरतात."

"अवो म्याडम, खत म्हंजे काय इख हाय? ज्यानं भात वाढतो, त्यानं मासा मरंल कसा?" केसरीनाथने निवट्या माशांच्या कालवणाची वाटी तिच्यापुढे सरकवली. "सकाळीच चिखलात उड्या मारत व्हते. मेल्या खाडीत उड्या मारतं का कोन?"

भाकरी थापणारी त्याची आई, आक्का, हसली.

"बोय गेली, जिताडा गेला, कोलंबी गेली. निवटाच कसा ऱ्हायला रं?"

"चिवट हाय म्हून!"

"न्हाय. त्या सगल्यांत त्यालाच तेवढा पान्याभायेर येऊन श्वास घेता येतो."