मधली भिंत

चंद्रपूरच्या परकोटाच्या जुन्या तटाला लागून असलेलं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायला धाकट्या जावेने, मयुरीने, पुरातत्त्व खात्याकडे परवानगी मागितली आहे, असं कळलं आणि कमळाच्या पोटात दुखायला लागलं. आपण जन्मभर छपरावरचे कवेलू फेरायचे, अन् हिनं गच्चीवर पापड वाळवायचे?

तिने गुपचूप हरकत लिहून दिली: आमच्या दोन घरांमधली भिंत गोंडराजाच्या काळची आहे, तिला हात लावू देऊ नये.

कमळाने ठोकून दिलं होतं. पण खात्याच्या साहेबांनी येऊन भिंतीचा पोपडा खरवडला, तर आत खरंच परकोटाचा दगड निघाला.

"बाई, तुमचंच खरं. आता ही भिंत पाडता येणार नाही. अर्ज नामंजूर."

कमळाने मयुरीचं उतरलेलं तोंड डोळे भरून पाहून घेतलं.

"दोन्ही अर्ज," साहेब म्हणाले. "भिंत एकच आहे ना."

"दुसरा कोनाचा जी?"

दारात उभा असलेला तिचा नवरा मुखरू खाली पाहत म्हणाला, "आपलाच. तुले दसऱ्याले सांगीन म्हणत होतो."