नऊ नंबरचं निरंक

नऊ नंबर आजही उचलेना. पलीकडे घंटी वाजत होती, वाजतच होती, आणि त्या ठेक्यावर ताईचं काळीज लकलकत होतं.

शहराच्या बारा सरकारी दवाखान्यांचे आकडे रोज दुपारी आरोग्य खात्यात ताईच्या टेबलावर येत. कुठं किती ताप, किती हगवण, किती कावीळ. जिथं रोगी नाही, तिथं एकच शब्द : निरंक.

"ताई, त्या फोनला किती कुरवाळाल?" हेडक्लार्क चष्म्यावरून म्हणाले. "लिहा निरंक. नियमच आहे. फोन नाही म्हणजे रोगी नाही."

"आज तिसरा दिवस आहे, भाऊसाहेब."

"मग तिसरं निरंक! नऊ नंबरला बक्षीस देऊ या."

ताईनं लिहिलं. अक्षर मात्र वाकडं आलं.

नऊ नंबरची नर्स म्हणजे तिची पाठची बहीण. आठवा महिना. राहायची दवाखान्यामागच्याच खोलीत, एकटी. नवरा बदलीच्या गावी. आणि शेजारच्या सात नंबरात कावीळ निघालेली. पाण्यातून येणारी ही कावीळ महिनाभर अंगात दडून बसते आणि मग डोळ्यांत उतरते. पोटुशी बाईच्या तर जिवावरच बेतते. धाकटी तापानं फणफणून पडली असेल, फोनपर्यंत जायचं त्राण नसेल, तर?

ताईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन बस बदलल्या. बस थांबली की ही बसल्या जागी तिला मनानं ढकलायची. शेजारच्या सीटवरची म्हातारी म्हणालीच, "बाई गं, तू चुळबुळलीस म्हणून चाकं जास्त फिरायची नाहीत."

दवाखान्यापुढच्या नळावर बायका भांडत, हसत पाणी भरत होत्या. त्यांच्यातून वाट काढत ताई आत शिरली. धाकटी खुर्चीत पाय पसरून औषधाच्या पुड्या बांधत होती.

"अगंबाई, तू? कामाच्या दिवशी?"

"फोन का उचलत नाहीस, भवाने?"

"वाजला तर उचलीन ना! सोमवारी पहाटेच मेलाय तो. टेलिफोनवाल्यांना निरोप धाडलाय, येतो येतो म्हणतात."

"तिकडं तर घंटी वाजते."

"वाजत असेल तिकडंच. इथं मुका आहे."

ताईनं तिची हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि अंगठ्यानं पापणी खाली ओढली. डोळा कापसासारखा पांढरा. दुसराही तसाच.

"अगं, मी काय बाजारातली गाय आहे का?"

"गप गं. ताप? मळमळ?"

"काही नाही. भूक मात्र राक्षसासारखी."

"रोगी किती आले?"

"कावीळ एकही नाही. लिही तुझं निरंक, ठसठशीत लिही!"

तीन दिवसांचा दगड छातीवरून उतरला. ताई मटकन बाकावर बसली. हसू आलं, त्यामागून डोळे भरून आले. घसा कोरडा पडल्याचं तिला आत्ता कळलं. धाकटीनं भरलेला तांब्या पुढं केला. ताईनं तो घटाघटा रिकामा केला, तशी धाकटीनं आपल्यासाठीही भरून घेतला.

"डॉक्टर म्हणालेत, पाणी भरपूर पी. चार दिवसांत हंडे संपवलेत मी."

तेवढ्यात पाणीखात्याचा चावीवाला घामाघूम होऊन दारात उभा राहिला. त्याची नजर बाहेरच्या नळावर होती.

"नर्सबाई, हा नळ चालू कसा? कुलूप घालायचं होतं ना तुम्ही! पाइपात गटार शिरलंय, सोमवारपासून वरनं फोन करतायत तुम्हांला."

"मला नाही आला फोन."

"कमाल आहे," चावीवाला म्हणाला. "साहेब तर म्हणाले, घंटी वाजतेय आणि उलट तक्रार नाही, म्हणजे नळ बंद झाला असं धरा."