चौकशीचं कलम

"चौकशी बंद नोका करू जी," रुखमिणीबाई म्हणाल्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या कामिनीनं चमकून वर पाहिलं.

भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचं सभागृह होतं. समोर दिल्लीहून आलेली संसदेची समिती. सीमा सुरक्षेचा नवा कायदा येऊ घातला होता, आणि तो मंजूर होण्याआधी ही मंडळी कलमन्‌कलम जवानांच्या घरच्यांसमोर ठेवत फिरत होती. नायब तहसीलदार कामिनीनंच सकाळी रुखमिणीबाईंना सिहोऱ्याहून जीपनं आणलं होतं. त्यांचा मुलगा टेकचंद सीमेवर गोळी लागून गेला होता.

सोबत प्रितम आला होता. धानाच्या बांधीतला चिखल धुऊन घाईघाईत शर्ट चढवलेला. "चाल बेटा," बाई म्हणाल्या की मुकाट चालायचा. थोरला गेला, निदान धाकटा तरी आईजवळ आहे, म्हणून कामिनीला बरं वाटलं होतं.

पण आता तिचा संताप संताप झाला. तिचा सख्खा भाऊ भूषण सीमेवरच होता. नव्या कायद्यातलं एक कलम तिला तोंडपाठ होतं: पहाऱ्यावरच्या जवानाच्या गोळीनं कुणी मेलं, तर त्या जवानाची चौकशी होणार नाही. ते वाचून तिचा जीव भांड्यात पडला होता. आणि जवानाच्याच आईनं त्यावर पाणी फिरवावं? हद्द झाली!

"चौकशीनं जवानांचा धीर खचतो, बाई," एक सदस्य म्हणाले.

अध्यक्ष शकुंतलाबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. "कायदा आपल्याच सरकारचा आहे, म्हणून तर नीट तपासायचा. बोला बाई, सावकाश बोला."

"टेकचंदले आपल्याच माणसाची गोळी लागली जी."

शकुंतलाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी लय शिव्या देल्ल्या त्या पोराले. मुडदा बसवला त्याचा. सोबत्यालेच मारते, म्हंजे वैर असनच ना? मंग चौकशी झाली. साहेब घरी येऊन सांगून गेले. सीमेच्या कुंपणापलीकडं धानाच्या बांधीची पार, म्हंजे बांध, फुटली होती, पाणी वाहून जाऊन रायलं होतं. माह्या पोरानं कोणाले सांगतलं नाही, तसाच गेला आनं चिखल थापत बसला. धुकं येवढं, डोक्शावर घोंगडी, वाकलेला. पहाऱ्यावरच्या पोरानं हाक देल्ली, पण बाजूच्या मोटरीच्या आवाजात याले आयकू नाही आली."

मागे बसलेल्या लोकांनी सुस्कारे सोडले. धानातलं पाणी वाहून जाताना दिसलं, तर ते अडवल्याशिवाय इकडच्या माणसाला पुढं जाववतच नाही. मग ते शेत कुणाचं का असेना.

"चौकशी नसती झाली, तं मी त्याले खुनी समजूनच मेली असती," रुखमिणीबाई म्हणाल्या. "आनं तोबी सोताले खुनी समजूनच जगला असता. तुमी म्हणता, हे कलम जवानाले वाचोवते. त्याले तं चौकशीनं वाचोवलं जी."

कामिनीला भूषणचा चेहरा दिसला आणि तिचे डोळे भरून आले. उद्या त्याच्यावरच असा प्रसंग आला, तर तो निर्दोष आहे हे सांगणार तरी कोण? मघाच्या रागाची तिला लाजच वाटली.

धीर खचतो म्हणणारे सदस्यही खाली मान घालून लिहीत होते. शकुंतलाबाई म्हणाल्या, "हे कलम आहे तसं पुढं जाऊ देऊ नका, असं मी अहवालात लिहिणार. माझ्या पक्षाला आवडो, न आवडो." मानलं या बाईला! दिल्लीतली एवढी मोठी मंडळी सिहोऱ्याच्या एका आईसाठी थांबली, याचं कामिनीला मनापासून कौतुक वाटलं.

"एक विचारू?" शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या. "तो जवान आता कुठं असतो, काही ठाऊक आहे?"

"ठाऊक नसन कसा? दरसाली धानाच्या रोवण्याले सुट्टी काढून माह्याच घरी येते." रुखमिणीबाई शेजारी वळल्या. "ऊठ बेटा प्रितम, मॅडमले नमस्कार कर."